लांडगा म्हणा का कुत्रं, बकऱ्या तं गेल्या ना!

पत्र:

डॉक्टरसाहेब, नमस्कार. आमचं गाव कारंजा तालुक्यातलं. बचत गटाच्या कर्जातून मी बकऱ्या घेतल्या, त्या वाढून चौदा झाल्या होत्या. संक्रांतीच्या आधी दोन रात्रींत तीन गेल्या. त्यातली एक महिनाभरात विणार होती. पहाटे जावेनं दोन जनावरं ई-क्लासच्या सरकारी पडीत जमिनीकडं पळताना पाहिली. एक करडं, लांब पायांचं, म्हणजे लांडगाच. दुसरं तांबूस, शेपूट वर वळलेली, पण कुत्र्यापेक्षा मोठं. तेव्हापासून गावात तट पडले. काही म्हणतात हा संकर आहे, त्याला कायदा लागत नाही, थिमेटचं विष घालून मोकळे व्हा. काही म्हणतात वनविभागानंच आणून सोडले. सासूबाई म्हणतात, कळपात लांडग्याचा वाटा असतोच, त्याच्या मागं लागू नका. त्यात पुतण्यानं नाल्याच्या दरडीतून एक पिल्लू उचलून आणलं आणि कुटाराच्या खोलीत लपवलं. अशी लांडगा-कुत्रा पिल्लं परदेशात लाखांत जातात, असं त्यानं मोबाइलवर पाहिलं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मला बोलायला उभं करणार आहेत. काय बोलू? पिल्लाचं काय करू? पैसे भेटतील का? राखणीला कुत्रा घ्यावा का? लांडगा म्हणा का कुत्रं म्हणा, माह्या बकऱ्या तं गेल्या ना!
– एक वाचक, जि. वाशीम

ताई,

पिल्लाची गोष्ट छापून येईपर्यंत थांबण्यासारखी नव्हती, म्हणून पत्र वाचल्याबरोबर तुमच्याशी फोनवर बोललो. संध्याकाळच्या आत तुम्ही वनरक्षकाला घरी बोलावलंत, पुतण्याला पाठीशी घातलं नाहीत, हे बरं केलंत. तरी त्याबद्दल इथे लिहितो. लांडगीच्या विण्याचे हेच दिवस आहेत, आणि असं पिल्लू उचलणारा तुमचा पुतण्या काही जिल्ह्यातला एकटाच पोरगा नाही.

लांडगी वर्षातून एकदाच विते, आपल्याकडे बहुतेक थंडीत. नाल्याची दरड किंवा साळिंदराचं जुनं बीळ तिला पुरतं. त्या वयाचं पिल्लू गडद तपकिरी, आखूड तोंडाचं, अगदी गावठी कुत्र्याच्या पिल्लासारखं दिसतं. पोरं ते सहज उचलतात आणि घरचेही कुत्र्याचंच असेल म्हणून गप्प बसतात. पण बीळ माळावर आणि आसपास वस्ती नाही, अशा ठिकाणचं पिल्लू दिसलं तर ते लांडग्याचंच धरून चालायचं आणि हात लावायचा नाही. लांडगा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्यानं वाघाच्याच रांगेत. त्याला मारणं, पकडणं, घरात ठेवणं यांत गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन वर्षं, कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. पोरगा अजाण होता हे पिल्लू त्याच दिवशी परत दिलं तर ऐकून घेतात. चार महिने सांभाळून गिऱ्हाईक शोधलं तर कोणी ऐकत नाही.

परदेशातल्या त्या महागड्या जातींचंही पुतण्याला नीट सांगा. चेकोस्लोव्हाकियात १९५५ पासून जर्मन शेफर्ड आणि लांडगा यांचा संकर करून सरहद्दीच्या पहाऱ्यासाठी एक जात घडवायला सुरुवात झाली. पिढ्यान्‌पिढ्या निवड करत नेली, तेव्हा कुठे ती माणसाळली. मोबाइलवर दिसतात ती त्या वंशाची, कागदपत्रं असलेली जनावरं. तीही सांभाळणं सोपं नाही, अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत असे प्राणी पाळण्यावर बंदी किंवा कडक अटी आहेत. बिळातून काढलेलं पिल्लू सहा-आठ महिन्यांत भिंती उकरतं, कोंबड्या मारतं, अनोळखी माणूस आला की कोपऱ्यात दडतं, आणि कोपऱ्यात अडकलं की चावतं. मग त्याला दोर तोडून माळावर हाकलतात. माणसाची भीती मोडलेला लांडगा तयार करण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

पिल्लाला परत ठेवल्यावर आई घेईल का, हे तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत. माणसाचा वास लागला की आई टाकून देते, ही समजूत घट्ट आहे आणि चुकीची आहे. जुन्नर, नाशिककडे उसाच्या फडात सापडलेले बिबट्याचे बछडे वनविभाग त्याच जागी ठेवतो आणि रात्री मादी येऊन त्यांना घेऊन जाते, हे वर्षानुवर्षं चाललं आहे. लांडग्याच्या पिल्लांबाबतही हे जमतं. अट एकच, उशीर नको. बिळाशी वर्दळ झाली की लांडगी उरलेली पिल्लं दुसरीकडे हलवते, मग तिला शोधणं अवघड. म्हणून मी तुम्हाला घाई केली. ज्यांना वनरक्षकाचा नंबर माहीत नाही त्यांनी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

आणखी एक, ज्याकडे घरातल्या कोणाचंच लक्ष गेलं नसेल. त्या खोलीत किती लेकरांनी पिल्लू हाताळलं? पिल्लू चावलं, ओरखडलं किंवा त्याची लाळ जखमेला लागली, असं कोणाचं झालं असेल तर जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस सुरू करायची. पिल्लू लहान होतं म्हणून सोडून देऊ नका. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

आता गावातल्या भांडणाकडे येतो.

तुमच्या जावेनं जे तांबूस जनावर पाहिलं ते संकर असू शकतं. असं होतच नाही म्हणणारे चूक आहेत. पुण्याजवळच्या माळरानावर काही वर्षांपूर्वी लांडग्यांच्या कळपात पिवळट-तांबूस रंगाची जनावरं दिसू लागली. त्यांच्या नमुन्यांवरून जनुकांचा अभ्यास झाला आणि लांडगा-कुत्रा संकराचा भारतातला पहिला जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. बेंगळुरूच्या एनसीबीएस आणि एट्री या संशोधन संस्था आणि पुण्याचा ग्रासलँड्स ट्रस्ट यांनी मिळून ते काम केलं. लांडगा आणि कुत्रा इतके जवळचे नातेवाईक आहेत, की त्यांच्या संकराला पुढे पिल्लंही होतात. खेचरासारखा तिथे वंश थांबत नाही.

पण त्या जनावरांबाबतही नुसता रंग पाहून निकाल लागला नाही, प्रयोगशाळेत जावं लागलं. वर वळलेली शेपूट, लोंबता कान, अंगावर पांढरे ठिपके, मागच्या पायाला जास्तीचं नख, या कुत्र्याकडच्या खुणा आहेत. लांडग्याची शेपूट सरळ खाली लोंबते, पाय लांब असतात, छाती अरुंद, डोळे पिवळसर. हे सगळं खरं असलं तरी काही संकर हुबेहूब लांडग्यासारखे दिसतात, आणि थंडीत केस वाढलेला, माळावर मेलेल्या ढोरांवर पोसलेला एखादा गावठी कुत्राही पहाटेच्या अंधारात लांडगा वाटतो. तुमची जाऊ खोटं बोलत नाही. तिनं जे पाहिलं त्यावरून जे ठरवायचं ते ठरत नाही, एवढंच.

म्हणून 'संकराला कायदा लागत नाही' म्हणणाऱ्याला ग्रामसभेत विचारा, संकर आहे हे तू ठरवलंस कशावरून? मेल्यावर वनविभाग नमुना तपासायला पाठवणार. तपासात लांडगा निघाला तर गुन्हा पहिल्या अनुसूचीचा. आणि कुत्रा निघाला तरी सुटका नाही, कुत्र्याला विष घालून मारणंही भारतीय न्याय संहितेत गुन्हाच आहे. थिमेट, म्हणजे फोरेट हे कीटकनाशक, त्याच्यावर तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. कोणाच्या तरी माळ्यावर अजून डबा असेल, तो कुठून आला याचंही उत्तर द्यावं लागेल. विष कुठलंही असो, ते गिऱ्हाईक पाहत नाही. मेलेल्या बकरीवर घातलं की कावळे, घारी, शेजाऱ्याचा कुत्रा, सगळे खातात, पाऊस आला तर ते नाल्यात उतरतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते आपल्या शेजारी घडलं आहे. त्यानंतरही विषाचा डबा हातात घेऊन उपाय म्हणणाऱ्या माणसाशी मी गोडीनं बोलू शकत नाही.

याहून मोठी गोष्ट गावात कोणी बोललेलं दिसत नाही. संकर होतो कधी? लांडगे कुटुंबानं राहतात. एक जोडी, तिची मोठी झालेली पिल्लं, ठरलेला इलाखा. असं कुटुंब शाबूत असेल तर गावकुत्रं जवळ आलं की लांडगे त्याला हाकलतात, कधी मारून खातातही. पण विषानं दोन मेले, रस्त्यावर एक गेला, मागे एकटी मादी उरली, तर माजावर आल्यावर तिला जो नर भेटेल तो कुत्रा असतो, कारण कुत्रेच भरमसाट आहेत. ज्यांना संकर नको आहे आणि त्यासाठी जे लांडगे मारायला निघालेत, ते संकर वाढवायची सोय करताहेत. ग्रामसभेत तुम्ही दुसरं काही बोलला नाहीत तरी चालेल, एवढं नक्की बोला.

वनविभागानं आणून सोडल्याची वार्ता मी वेगवेगळ्या गावांत ऐकली आहे. कुठे साप सोडतात, कुठे बिबटे, आता लांडगे. तुमच्या भागात लांडगा बाहेरून आणायची गरज कोणाला आहे? कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य तुमच्या तालुक्यात आहे, भोवतीच्या बरड माळांवर आणि ई-क्लासच्या पडीत जमिनींवर लांडगा पहिल्यापासून आहे. विदर्भात वाघाचं इतकं कौतुक, की जंगल म्हटलं की ताडोबा आठवतो. लांडग्याला जंगल नकोच असतं. त्याला उघडा माळ लागतो, आणि सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक. कुठे अतिक्रमण, कुठे झाडं लावायची म्हणून खड्डे, कुठे मुरुमाची खाण. कारंजा तालुक्यातूनच समृद्धी महामार्ग गेला, दोन्ही बाजूंनी भिंत-कुंपण. देशभरात लांडगे तीन हजारांच्या आसपास उरल्याचा अंदाज आहे. म्हणजे वाघांपेक्षाही कमी. वाघाच्या नावानं जिप्सी आणि हॉटेलं येतात, लांडग्याच्या नावानं नुसत्या शिव्या.

पण तुमच्या बकऱ्यांचं काय?

मी पशुवैद्यक म्हणून नोकरीत असताना बकऱ्यांची शवं भरपूर पाहिली, त्यावरून सांगतो. लांडगा गळा धरतो. जखमा थोड्या आणि खोल. लहान बकरी असेल तर तिथे खात बसत नाही, उचलून माळाकडे नेतो; मोठी असेल तर पोटापासून खातो. कुत्री मागून धरतात. मांड्या, शेपूट, कास, कान, जिथे तोंड पोचेल तिथे फाडतात, एकीला अर्धवट टाकून दुसरीच्या मागे पळतात आणि खातात थोडंच. वाड्यात शिरलेला लांडगाही कधीकधी एकापेक्षा जास्त मारतो, त्यामुळे ही खूण शंभर टक्के नाही. पण तुम्ही फोनवर सांगितलंत की दुसऱ्या रात्रीच्या दोन्ही बकऱ्या वाड्यातच पडल्या होत्या, 'मागून फाडलेल्या, खाल्लेलं काही नाही'. ताई, मला ते कुत्र्यांचं काम वाटतं. पहिल्या रात्रीची गाभण बकरी जिचं नुसतं रक्त आणि फरफट सापडली, ती लांडग्यानं नेली असेल.

तिसरी शक्यताही आहे, आणि ती बोलली की लोक माझ्यावर रागावतात. या दिवसांत आंत्रविषार, पीपीआर म्हणजे बकऱ्यांचा प्लेग, फुफ्फुसाचा दाह यांनी बकऱ्या मरतात. रात्री मेलेली बकरी पहाटेपर्यंत कुत्र्यांनी फाडली की नाव लांडग्याचं. तुमच्या कळपाला लसी झाल्या नसतील तर उरलेल्या अकरांना लगेच करून घ्या. लांडग्यानं नेल्या त्यापेक्षा रोगानं गेलेल्या बकऱ्या मी कितीतरी जास्त पाहिल्या आहेत.

पैशाचं स्पष्ट सांगतो. लांडग्यानं किंवा कोल्ह्यानं जनावर मारलं तर शासन भरपाई देतं, बकरीला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम, यांतली कमी असेल ती. पण घटनेनंतर ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवावं लागतं, शव जागेवरून हलवायचं नाही, वनकर्मचारी पंचनामा करतात आणि पशुवैद्यकीय अधिकारी किंमत ठरवतात. तुम्ही शवं गावाबाहेर फेकलीत आणि आठवड्यानं पत्र लिहिलंत. या तीन बकऱ्यांचे पैसे मिळणार नाहीत. वाईट वाटतं लिहायला, पण खोटी आशा लावून तुम्हाला कारंज्याच्या चकरा मारायला लावण्यात अर्थ नाही. पुढच्या वेळी शव ताडपत्रीनं झाकून ठेवा, मोबाइलवर गळ्याचे, मांड्यांचे, आसपासच्या पावलांचे फोटो काढा आणि फोन करा. कानातला बारा अंकी बिल्ला नसेल तर दवाखान्यातून लावून घ्या, विम्यालाही तोच लागतो. गटातून घेतलेल्या बकऱ्यांचा विमा उतरवलेला आहे का हेही गटाचं काम पाहणाऱ्या सीआरपी ताईला विचारा, पुष्कळदा उतरवलेला असतो आणि बाईला माहीतच नसतं.

आणि हेही लक्षात ठेवा की आसपास विषानं किंवा विजेच्या करंटनं वन्यप्राणी मेल्याचं आढळलं तर त्या भागातला भरपाईचा दावा अडकतो. म्हणजे थिमेट कोणी एक घालणार आणि पैसे बुडणार दुसऱ्या बाईचे.

कुत्र्यांनी मारलं तर मात्र भरपाई नाही. सगळ्या गोंधळाचं मूळ मला इथे दिसतं. कुत्र्यांनी फाडलेली बकरी कागदावर आणायची तर लांडग्याचं नाव घेण्यावाचून गरिबाला दुसरा रस्ता ठेवलेला नाही. मग पंचनाम्यांत लांडगेच लांडगे होतात, पेपरात 'लांडग्यांचा धुमाकूळ' छापतं, आणि ज्या कुत्र्यांनी खरं नुकसान केलं ती चावडीसमोर उन्हात झोपलेली असतात. तुमच्यावर तशी वेळ आली तरी खोटं लिहू नका असं मी म्हणेन, पण तसं लिहिणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही. दोष नियमाचा आहे. मोकाट कुत्र्यांनी मारलेल्या बकरीलाही मदत मिळावी, असा ठराव तुमच्या ग्रामसभेनं करून वर पाठवावा. एका गावाच्या ठरावानं शासन निर्णय बदलत नाही, पण पाच-पंचवीस गावांचे गेले तर आमदाराला विषय मिळतो.

कुत्र्यांचं गाव काय करू शकतं? २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. मला माहीत आहे, सरपंच म्हणतील निधी कुठे आहे, शस्त्रक्रियेची सोय कुठे आहे. बरोबरच म्हणतील. नसबंदीसाठी जिल्हा परिषदेच्या मागे लागावं लागेल आणि वेळ जाईल. पण रेबीजची लस थांबायची गरज नाही. गावात ज्यांना मोकाट म्हणतात त्यांतली निम्मी कुत्री कोणाच्या ना कोणाच्या दारची असतात, भाकरी तिथे खातात. एका सकाळी दवाखान्याच्या डॉक्टरांना बोलावून ज्यानं त्यानं आपापलं कुत्रं धरलं तर बरंच काम होतं. रेबीज आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे रोग लांडग्यात जातात. दिवसाढवळ्या गावात शिरून दिसेल त्याला चावणारा लांडगा बहुतेक वेळा पिसाळलेला असतो, आणि तो पिसाळतो तो बहुधा कुत्र्यामुळे. दुसरं काम खाण्याचं. पोल्ट्रीवाला मेलेल्या कोंबड्या नाल्यात टाकतो आणि मेलेली ढोरं ई-क्लासच्या तोंडाशी फेकतात. तिथेच रात्री कुत्रं आणि लांडगा एकत्र येतात. पोल्ट्रीवाल्याला खड्डा करून चुना टाकून पुरायला लावा. तो सरपंचांचा पाहुणा असला तरी.

ग्रामसभेत कोणीतरी बहराइचचं नाव काढेल, तयार राहा. उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्यात २०२४ च्या पावसाळ्यात लांडग्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यांत बहुतेक लहान लेकरं होती. ते खरं आहे, अफवा म्हणून उडवून लावू नका. त्या वेळीही संकराची चर्चा झाली होती. तिथे दार नसलेली घरं होती, उघड्यावर झोपलेली लेकरं होती. आपल्याकडे बकरी नेणारा लांडगा माणसावर सहसा येत नाही, पण त्या भरवशावर चार वर्षांच्या लेकराला अंधारात एकटं परसाकडे पाठवू नये. गुराख्याच्या मागे लहान पोरांना माळावर पाठवायचं असेल तर सूर्य मावळायच्या आत परत. इतकं केलं तर भीतीचं कारण उरत नाही. ज्याला भीती विकायची आहे तो मात्र व्हिडिओ फिरवत राहील.

वाड्याचं बोलू. कपाशीच्या पऱ्हाट्यांचं कुंपण बकऱ्या आत ठेवण्यापुरतं असतं, बाहेरच्याला अडवण्यासाठी नसतं. भिंत माणसाच्या उंचीची नसेल तर वरून जाळी हवी, आणि जाळीचा खालचा काठ दगडांनी दाबलेला किंवा जमिनीत गाडलेला हवा, कारण कुत्री आणि लांडगे दोघंही उकरतात. दाराला फट नको. एवढा खर्च एकदम झेपत नसेल तर गाभण बकऱ्या आणि पिल्लं तरी रात्री घराला लागून, छताखाली घ्या. शेतीतली झटका मशीन बकऱ्यांच्या वाड्याभोवती लावता येते, पण थेट लाइनची तार कधीही नाही. त्या तारेनं दरवर्षी विदर्भात माणसंच मरतात.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. लांडग्याचा वाटा असतो, हे माळावर मेंढरं घेऊन फिरणारे धनगरही म्हणतात, आणि ते उगाच नाही. मात्र शेकडो मेंढरं असणाऱ्यानं वाटा द्यावा आणि चौदा बकऱ्यांवर कर्जाचा हप्ता भरणाऱ्या बाईनंही तितकाच द्यावा, हे मला पटत नाही. तुमचा वाटा सरकारनं द्यायचा आहे, म्हणून ४८ तासांचं विसरू नका.

राहिला कुत्रा. घ्या, पण शिकारी जातीच्या नादाला लागू नका. गावठीच घ्या, दोन महिन्यांचं पिल्लू. बकऱ्यांमध्येच वाढवा, तिथेच झोपू द्या, म्हणजे त्यांना ते आपलं कुटुंब समजेल. रेबीजची आणि डिस्टेंपरची लस वेळेवर. नर असो वा मादी, नसबंदी करून घ्या, नाहीतर माजाच्या दिवसांत ते माळावर जाईल आणि ज्या भांडणानं तुम्ही आज हैराण आहात त्याचं पुढचं पान तुमच्याच दारातून सुरू होईल. मोठं झाल्यावर गळ्यात खिळ्यांचा पट्टा घाला, मेंढपाळ घालतात तसा, लांडगा गळाच धरतो. पुतण्याला जनावरांची आवड आहे हे दिसतंच आहे. ते पिल्लू त्याच्याच हाती सोपवा आणि लसीला तुम्ही न जाता त्यालाच दवाखान्यात पाठवा.